पानाच्या काठावर दुभंगणारी कोष्टके

त्रैमासिकासाठी येणाऱ्या लेखांचे मुद्रित तपासताना एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. कल्प, मात्रा, अनुपान, काल व सूचना अशा पाच रकान्यांचे कोष्टक पानाच्या तळाशी येते आणि त्यातील एखादी आडवी ओळ मधोमध दुभंगते. मागे एका लेखात त्रिभुवनकीर्ति रसाची १२५ मि.ग्रॅ. ही मात्रा एका पानावर राहिली आणि ‘गर्भिणीस देऊ नये’ ही सूचना पुढील पानाच्या माथ्यावर गेली. ती कोणत्या कल्पाची, हे वाचकास कळण्यास मार्ग नव्हता. या कल्पात वत्सनाभ आहे. औषधे नियम, १९४५ यांतील ई(१) या विषद्रव्यांच्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. तेव्हा हा दोष केवळ मांडणीचा नव्हे.

संगणकावर वर्डमध्ये नवे कोष्टक केले की ओळ दोन पानांत विभागण्याची मुभा आपोआप असते. ती काढण्यासाठी संपूर्ण कोष्टक निवडून ‘टेबल प्रॉपर्टीज’ उघडावे व ‘रो’ या भागातील ‘अलाउ रो टू ब्रेक अक्रॉस पेजेस’ समोरील खूण काढावी. मग पानावर न मावणारी ओळ अखंड पुढील पानावर जाते. मात्र एकच ओळ पानाहून मोठी असेल तर ती तुटणारच. अशा वेळी मजकुराचीच विभागणी करावी.

दुसरी बाब शीर्षओळीची. ‘मात्रा, ग्रॅममध्ये’ हे शब्द पहिल्या पानावरच राहिले, तर पुढील पानावरील नुसता ‘३’ हा अंक ग्रॅम समजावा की गुंजा? एक गुंजा म्हणजे १२५ मि.ग्रॅ. हे मान धरल्यास दोहोंत आठपट अंतर पडते. यासाठी पहिली ओळ निवडून त्याच ठिकाणी ‘रिपीट अ‍ॅज हेडर रो’ या पर्यायावर खूण करावी; शीर्षक प्रत्येक पानावर आपोआप येते. ही पुनरावृत्ती ‘प्रिंट लेआउट’मध्येच दिसते. कोष्टकात हाताने ‘पेज ब्रेक’ घातला असेल, किंवा कोष्टकाभोवती मजकूर वाहता ठेवला असेल, तर ती होत नाही. ‘टेक्स्ट रॅपिंग’ येथे ‘नन’ ठेवावे.

लहान कोष्टक एकाच पानावर अखंड हवे असल्यास शेवटची ओळ सोडून बाकीच्या सर्व ओळी निवडाव्यात आणि ‘पॅराग्राफ’मधील ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ येथे ‘कीप विथ नेक्स्ट’ची खूण करावी. कोष्टकावरील नावासही हीच खूण केल्यास नाव एका पानावर व कोष्टक दुसऱ्यावर, असे होत नाही. लिबरऑफिस वापरणाऱ्यांस ओळ न तोडण्याची व शीर्षक पुन्हा आणण्याची सोय कोष्टकाच्या गुणधर्मांतील ‘टेक्स्ट फ्लो’ येथे मिळेल.

अनेक वैद्यबंधू कोष्टक खाली ढकलण्यासाठी एंटरची कळ पुनःपुन्हा दाबतात. त्यांच्या ए-४ पानावर ते नीटस दिसते. परंतु आमच्या त्रैमासिकाचे पान त्याहून लहान असल्याने येथे येताच सारी मांडणी विस्कटते व मध्येच रिकामी जागा पडते. हा लक्षणापुरता उपचार झाला. वर सांगितलेल्या खुणा कोष्टकासोबत राहतात आणि पानाचा आकार बदलला तरी आपले काम करतात. ओळीची उंची ‘एग्झॅक्टली’ अशी बांधून टाकू नये. जास्तीचा मजकूर मुद्रणात दिसेनासा होतो.

लेख पाठविण्यापूर्वी पानाचा आकार एकदा बदलून सर्व पाने पाहावीत, अशी सभासदांस विनंती आहे. छापील कोष्टक पुढे ज्याच्या हाती पडेल त्यास शंका विचारण्यास आपण तेथे नसतो. म्हणून मात्रा आणि तिची सावधगिरी एकाच ओळीत, एकाच पानावर राहिली पाहिजे.