आवृत्तीवर तारीख हवी, आणि ती यंत्राने घालावी

वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावच्या शिवारात खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन आणि तूर. पेरणी उरकली की पीक सातबाऱ्यावर चढवायचं काम येतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ते शेतकऱ्याने स्वतः, मोबाइलवरच्या ई-पीक पाहणी अ‍ॅपमधून करायचं आहे. गट नंबर निवडायचा, शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद पाठवायची. ही नोंद राहिली तर सोयाबीनच्या हमीभाव खरेदीची नोंदणीच अडते. २०२२ च्या खरिपाला या अ‍ॅपचं ‘व्हर्जन २’ आलं, पुढेही आकडे बदलत गेले. फोनमधला तो आकडा शेतकऱ्याला काय सांगतो? दोन हे एकापेक्षा नवं, एवढंच. आपल्याकडचं अ‍ॅप यंदाच्या हंगामाचं की गेल्या, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्याला विचारावं लागतं. त्याच्याच हातातल्या सातबाऱ्याचं तसं नाही. उताऱ्यावर तारीख असते आणि तो किती ताजा, हे बँकवालाही त्यावरूनच ठरवतो. अ‍ॅपलाही हाच नियम लावावा, क्रमांकातच वर्ष आणि महिना यावा, आणि तो माणसाने हाताने न लिहिता सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या यंत्रणेने घालावा, असं माझं म्हणणं आहे.

ही पद्धत काही नवी नाही. उबुंटू ही संगणक प्रणाली पहिल्यांदा ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून तिचा क्रमांक ४.१०. २००६ मधली एप्रिलची आवृत्ती दोन महिने लांबली, तेव्हा ६.०४ चं ६.०६ झालं, उशीर क्रमांकातच दिसला, कुणी लपवला नाही. पायथॉन भाषेत प्रोग्राम लिहिणारे रोज वापरतात ते पिप हे साधन २०१८ मध्ये १० वरून थेट १८ वर गेलं, तेही वर्षाला धरूनच. यावर प्रोग्रामर मंडळींचा आक्षेप रास्त आहे. त्यांच्या रूढ पद्धतीत पहिला आकडा वाढला की जुनं काही मोडणार, दुसरा वाढला की नवी सोय, तिसरा म्हणजे दुरुस्ती. तारखेतून हे कळत नाही. ज्याच्या प्रोग्रामवर दुसऱ्याचा प्रोग्राम उभा आहे, त्याने तीच पद्धत ठेवावी. गेम बनवण्याचं युनिटी हे साधन २०१७ पासून वर्षाचा क्रमांक लावत होतं, ते २०२४ मध्ये पुन्हा साध्या ‘६’ वर परतलं, हेही खरं. पण पीक पाहणी करणारा त्या अ‍ॅपवर काही उभारत नाही. त्याचा प्रश्न ताजेपणाचा आहे आणि त्याला उत्तर तारीखच देते.

मग यंत्राने का? हाताने लिहिलेली तारीख घाईत चुकते, किंवा कालचीच राहते. मोठ्या कामांत बिल्ड पाइपलाइन असते: प्रोग्रामरने बदल जमा केला की सर्व्हर तो उचलतो, तपासतो, अ‍ॅपचं पॅकेज बांधतो. क्रमांकही तिथेच पडावा. मात्र यात खाचाखोचा आहेत. असे सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात आणि आपण साडेपाच तास पुढे. १ ऑगस्टच्या पहाटे दोनला बांधलेल्या अ‍ॅपवर ३१ जुलैचा शिक्का बसेल. म्हणून भारतीय वेळ आधीच ठरवून द्यावी लागते. अँड्रॉइडमध्ये पडद्यावरच्या क्रमांकामागे आणखी एक आकडा असतो. तो दर वेळी वाढलाच पाहिजे, आणि प्ले स्टोअरला तो २१० कोटींपलीकडे चालत नाही. वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला अनुक्रम असं जोडलं की २०२५०८०१०१ होतं, म्हणजे सुमारे २०२ कोटी; हे २०९९ पर्यंत पुरतं. हौसेने तास-मिनिटं जोडली की आकडा मर्यादेबाहेर जातो. हाच क्रम दिवस आधी ठेवून लिहिला तर ३१ जुलै १ ऑगस्टपेक्षा मोठी ठरते आणि नवं अ‍ॅप जुनं समजून नाकारलं जातं.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. तोच कोड आज बांधला आणि महिन्याने पुन्हा बांधला, तर एकाच मालावर दोन तारखा पडतील. मग त्या तारखेवर विश्वास काय ठेवायचा? यंत्राने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर असंच होणार. म्हणून तारीख घ्यायची ती शेवटचा बदल जमा झाल्याच्या नोंदीतून. ती नोंद कोडबरोबरच राहते, आणि तोच कोड कितीदाही बांधला तरी तीच तारीख येते. हाताने हे दर वेळी पाळणं कठीण. पाइपलाइनला एकदा सांगितलं की पुरे.

जुनी तारीख दिसली की चांगलं अ‍ॅपही शिळं वाटेल, अशी भीती विक्रेत्यांना असते. अ‍ॅपलने २०२५ च्या सप्टेंबरात आणलेल्या आयफोनच्या प्रणालीला पुढच्या वर्षाचा २६ हा आकडा दिला. फोन विकणाऱ्याला ते चालेल. पीक पाहणीच्या अ‍ॅपला असं उसनं वर्ष घेता येणार नाही. तिथे २०२५.८ म्हणजे ऑगस्ट २०२५ चंच काम, आणि ते लांबलं तर २०२५.९.