चिंचोके आणि खिचडी

अंगणवाडीच्या सतरंजीवर साडेतीन वर्षांची एक मुलगी मांडी घालून बसली होती. पुढ्यात सूप, आणि सुपात चिंचोके आणि वालाचे दाणे एकत्र केलेले. ताईंनी सांगितलं, चिंचोके इकडे, वाल तिकडे. पोरगी कामाला लागली. चिमटीत एकेक बी उचलायची, डोळ्यांजवळ न्यायची, मग ज्याच्या त्याच्या ढिगात ठेवायची. मध्येच एक फुटका चिंचोका हाताला लागला. ती थबकली. दोन्ही ढिगांकडे बघितलं आणि तो फुटका दाणा तिनं आपल्या गुडघ्याजवळ वेगळाच ठेवला. तिसरा ढीग! तो तिला कुणीही सांगितला नव्हता.

थोड्या वेळानं ताईंनी नियम बदलला. आता मोठी बी इकडे आणि बारकी तिकडे, मग ती चिंचोक्याची असो की वालाची. ‘‘सांग बघू, मोठी कुठं ठेवायची?’’ मुलीनं बरोबर बोट दाखवलं. पुढचा मोठा वाल उचलला आणि सरळ वालांच्या जुन्या ढिगात टाकला. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर बरोबर, पुन्हा हात जुन्याच ढिगाकडे.

हे पाहून मला हसू नाही आलं, अंगावर काटा आला. कारण मानसशास्त्रज्ञांनी रंग आणि आकारांची चित्रं देऊन हाच खेळ कितीतरी मुलांना खेळायला लावला आहे आणि तीन वर्षांची मुलं नेमकी इथंच अडकतात. नवा नियम तोंडानं सांगतात, हात मात्र जुना नियम सोडत नाही. जुनं बाजूला सारून नवं धरायचं, हे काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि मेंदूचा हा भाग सगळ्यांत सावकाश पिकतो. पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांना हे जमू लागतं. म्हणजे त्या सतरंजीवर मुलगी चुकत नव्हती. तिचा मेंदू बांधला जात होता आणि आम्ही ते बांधकाम डोळ्यांनी बघत होतो.

तेवढ्यात खिचडी आली. मुलगी उठली, हात धुतले आणि खाली मान घालून दोन वाट्या संपवल्या. ती खिचडी जाते कुठे, ते आता ऐका.

मोठ्या माणसाचं शरीर स्वस्थ पडून असताना जी ऊर्जा खर्चतं, तिचा साधारण पाचवा हिस्सा मेंदूला लागतो. ख्रिस्तोफर कुझावा या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 साली लहान मुलांचा हाच हिशेब मांडला. पाचेक वर्षांच्या मुलात हा वाटा पोचतो 66 टक्क्यांवर. पळणं, रडणं, झाडावर चढणं असा दिवसभराचा सगळा खर्च धरला तरी 43 टक्के. म्हणजे पाच घासांतले दोन घास एकटा मेंदू खातो! आणि याच वयात मुलाच्या अंगाची वाढ सगळ्यांत मंदावते. शरीर जणू वाट बघत थांबतं, आधी मेंदूचं होऊ दे म्हणतं. ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही’ असं आपल्या आया पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत. त्यातला बराचसा घास खरोखरच अंगाऐवजी डोक्याला लागत असतो. (अर्थात वजनाचा आलेख खाली झुकत असेल तर हे वाक्य सांगून गप्प बसू नये, आरोग्य केंद्र गाठावं.)

एवढं इंधन जातं कशात? पेशी-पेशींमधल्या जोडण्यांत. शिकागोचे डॉक्टर पीटर हटनलोकर यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जोडण्या अक्षरशः मोजल्या. त्यांना आढळलं की मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाच्या मेंदूत त्या कितीतरी जास्त असतात. शेतकरी जसा दाट पेरतो आणि मग विरळणी करतो, तसंच हे आहे. कोणतं रोप ठेवायचं ते बरंचसं वापरावर ठरतं. ज्या जोडणीतून रोज काही जातं ती राहते, जिला काम नाही ती निघून जाते. म्हणून नुसतं खत घालून भागत नाही. घास हे खत. पण कोणती जोडणी ठेवायची, ते बोलणं, खेळणं, कुशीत घेणं आणि त्या सुपातले चिंचोके सांगतात.

हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. जमैकातल्या किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 129 खुरटलेली बाळं निवडली. सगळी 9 ते 24 महिन्यांची. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला किलोभर दूध-आहार. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा आरोग्य सेविका तासभर जायची आणि बाळाशी कसं खेळायचं, काय बोलायचं, ते आईला करून दाखवायची. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळालं, चौथ्याला काही नाही. खेळणी कसली? टाकाऊ बाटल्या, पुठ्ठे, त्यातून घरीच केलेली. एक खेळणं घरात ठेवून जायचं, पुढच्या खेपेला बदलून द्यायचं. दोन वर्षांनी हे सगळं थांबलं.

वीस वर्षांनी संशोधक पुन्हा त्या मुलांकडे गेले, तेव्हा ती कमावती झाली होती. ज्यांच्या घरी खेळ गेला होता, त्यांची मिळकत न गेलेल्यांपेक्षा 25 टक्क्यांनी जास्त होती आणि ती न खुरटलेल्या मुलांच्या बरोबरीला आली होती. नुसत्या दुधाचा लाभ मात्र एवढा टिकलेला दिसला नाही. यावरून कुणी दूध बंद करा म्हणेल तर तो वेडेपणा होईल. भुकेलं मूल खेळत नाही. पण आठवड्याचा एक तास आणि पुठ्ठ्याचं खेळणं वीस वर्षं पुरतं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद खाली ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो. आणि मग आठवला चिऊकाऊचा घास. बाळाला खिडकीशी नेऊन, पक्षी दाखवत, बोलत-बोलत भरवायचं. घास आणि खेळ एकाच हाताने. आपल्या आज्यांनी हे दोन्ही कधी वेगळं केलंच नव्हतं.

ही गोष्ट संस्थेच्या रूपात उभी करणाऱ्या दोन बायका आपल्याच मातीतल्या. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचं काम केलं आणि 1945 साली डहाणूजवळ बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. तेरा वर्षांच्या असताना वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसरी शिक्षणपद्धतीची साधनं महाग, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, माती, बांबू घेतले. पाड्यावरची वारली मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडी झाली. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात होती. कारण साधं होतं. थोरली बहीण शाळेला येत नव्हती, कारण धाकटं भावंड तिच्या कडेवर असायचं. धाकट्याची सोय करा, मग थोरली येते. कुटुंबाला आधार दिल्याशिवाय मुलाला देता येत नाही, हे त्यांना कुठल्याही आकडेवारीवाचून कळलं होतं. मला तर हे त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं.

2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली. आज एकट्या महाराष्ट्रात या योजनेच्या एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. सेविका आणि मदतनीस तिथे खिचडी वाटतात, वजन घेतात, दंडाला पट्टी लावतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला की पट्टी लाल दाखवते. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज येतात. त्याहून लहान बाळांच्या घरी आहाराची पाकिटं जातात, सेविकेनं गृहभेट द्यायची असते.

आणि किंग्स्टनची ती बाळं कोणत्या वयाची होती, आठवतंय ना? नेमकी या पाकिटांच्या वयाची. त्या पाकिटाबरोबर एक खेळ घरी गेला पाहिजे, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. सेविकेला तेवढा निवांत वेळ हवा. आज तिला रजिस्टरं भरायची, मोबाइलवर माहिती चढवायची, सर्वेक्षणं करायची असतात आणि या सगळ्यासाठी सरकार तिला पगार देत नाही, मानधन देतं. हे बदलायला हवं.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. गावातल्या किंवा वस्तीतल्या अंगणवाडीत एखाद्या सकाळी जा आणि तासभर खाली सतरंजीवर बसा. जाताना रिकाम्या हातांनी जाऊ नका. घरी चिंच फोडली असेल तर चिंचोके टाकू नका, धुऊन वाळवून डब्यात भरून न्या. तीन वर्षांच्या आतल्या बाळांपासून तेवढे दूर ठेवा, ती तोंडात घालतात.