अर्ध्या केसाची जागा

नांदुऱ्याहून खामगावकडे येताना, मे महिन्यातल्या भर दुपारी, बाबांच्या आरएक्स १०० चं इंजिन धावता धावता जाम झालं. आधी आवाज बारीक झाला, मग कुणीतरी मागून गाडी धरून ठेवल्यासारखी ओढ आली आणि मागचं चाक डांबरावर फरफटलं. डावा हात आपोआप क्लचवर गेला म्हणून पडलो नाही. बाभळीखाली अर्धा तास थांबलो. मग किक मारून पाहिली. पाय खाली गेला, पण आतून खरखर ऐकू आली. ती ऐकल्यावर पुन्हा चालू करायची हिंमत झाली नाही. गाडी छोट्या हत्तीत घालून घरी आणली.

ही गाडी १९९३ ची, पासिंग एमएच-२८ चं. बाबा शिक्षक होते, तिच्यावर त्यांनी कितीतरी गावच्या शाळा केल्या. आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुणाच्या दारात नव्हती. वेगाची जी काही ओढ पोरांना होती, ती आरएक्सनेच लावली. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये आणलेली आणि १९९६ मध्ये थांबवलेली ही दोन-स्ट्रोक गाडी. वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. मिनिटाला ७५०० म्हणजे सेकंदाला १२५, आणि दोन-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला एक ठिणगी. नारळाएवढ्या जागेत सेकंदाला सव्वाशे स्फोट होत असतात, हे कळल्यापासून मला त्या इंजिनाबद्दल आदर वाटत आलेला आहे.

इंजिन घरीच खोलायचं ठरवलं. गल्लीतले एक वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, येऊन बसायला तयार झाले. हात मात्र माझाच लागला पाहिजे, ही त्यांची अट. मागच्या पडवीत जुन्या दाराची फळी दोन स्टुलांवर टाकली. मोठ्या पुठ्ठ्यावर इंजिनाची बाह्याकृती काढली आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात खोचत गेलो. क्रँककेसचे बोल्ट लांबीला वेगवेगळे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच म्हणून समजा. त्या पुठ्ठ्याने मला वाचवलं.

हेड काढलं, ब्लॉक वर ओढला आणि पिस्टन उघडा पडला. सायलेन्सरच्या बाजूला त्यावर उभे ओरखडे होते आणि ॲल्युमिनियम वितळून रिंगांवर पसरलं होतं. खालची रिंग खाचेत चिकटूनच बसलेली. बाबांनी चष्मा लावून पाहिलं आणि एवढंच विचारलं, “ऑइल नव्हतं का?”

ऑइल होतं. टाकी अर्धी भरलेली, पंप चालू. प्लग मात्र पांढरा पडला होता, खडूसारखा. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. आणि मग मला गेल्या दोन महिन्यांचा त्रास आठवला. गाडी तापली की सिग्नलला आपोआप रेस घ्यायची, चावी बंद करेपर्यंत खाली यायची नाही. मी तीनदा कार्बोरेटर धुतला, स्क्रू फिरवले, सुई एक खाच वर घेतली. दोन दिवस बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चाचांनी ही सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, “कार्बोरेटरले काहून मारून राह्यला? ते बिचारं देते तेवढंच देते. हवा कुठून येऊन राह्यली ते पाह्य.”

इथे दोन-स्ट्रोकचं मर्म सांगायलाच हवं. चार-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खालची जागा नुसती ऑइल साठवायला असते. दोन-स्ट्रोकमध्ये ती जागा म्हणजे लोहाराचा भाता. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि रीड व्हॉल्व्हच्या पात्या उघडून कार्बोरेटरमधलं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ब्लॉकमधल्या वाटांनी वर फेकलं जातं. भात्याला भोक पडलं तर लोहार कितीही जोर लावो, विस्तव फुलत नाही. इंजिनाच्या भात्याचं कातडं म्हणजे क्रँकच्या दोन टोकांची रबरी ऑइल सीलं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट निघतो, म्हणजे निदान कळतं तरी. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर नुसती हवा येते. धूर नाही, गळती नाही. मिश्रण गुपचूप पातळ होतं, पिस्टन गरजेपेक्षा जास्त तापतो, फुगतो आणि एका दुपारी भिंतीला चिकटतो.

पुलर लावून मॅग्नेटो काढला. सीलची ओठासारखी कड वाळक्या चिंचेच्या सालासारखी टणक झाली होती. नखाने दाबली तर चिरली. वस्तू अगदी स्वस्तातली. मी हातात धरून बराच वेळ पाहत बसलो. दोन महिने गाडी सांगत होती आणि मी ऐकत होतो भलतीकडेच.

वितळलेल्या पिस्टनचे कण खाली क्रँकपर्यंत गेले होते, म्हणून केस फोडणं भागच होतं. कनेक्टिंग रॉड धरून वरखाली हलवला, तिथे काहीच जाणवलं नाही. थोडी आडवी हालचाल चालते, उभी अजिबात नाही. रॉड वाचला. बेअरिंगं मात्र फिरवल्यावर बोटांना कचकच लागत होती, ती बदलली.

ब्लॉक घेऊन लेथवर गेलो. खामगाव कापसाचं गाव, त्या शेडमध्ये आरएक्सच्या ब्लॉकशेजारी जिनिंगचे शाफ्टही पडलेले होते. लेथवाल्याचा नियम पक्का: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरला हात लावायचा नाही. डब्यावर साइझ छापलेला असला तरी तो आधी पिस्टन स्वतः मायक्रोमीटरने मोजतो. तेही माथ्याशी नाही, खाली स्कर्टपाशी आणि पिनेच्या काटकोनात, कारण पिस्टन ना पूर्ण गोल असतो ना वरून खालपर्यंत सारखा. माथा जास्त तापतो, म्हणून तो मुद्दाम बारीक ठेवलेला असतो. त्या मापात चार शतांश मिलिमीटर मिळवायचे, तेवढा बोअर. माणसाचा केस साधारण सात शतांश जाडीचा धरला तर निम्म्या केसाची जागा. त्यात ऑइलचा थरही राहायचा आणि पिस्टनचं फुगणंही. त्याने होनिंग केलं, ब्लॉक बाजूला ठेवला आणि म्हणाला, “आता चहा घ्या. तापलेल्या ब्लॉकचं माप खोटं असते.” वीस मिनिटांनी पुन्हा डायल गेज आत सोडला, काटा पाहिला आणि होन अजून दोन वेळा फिरवला.

आरएक्सचा मूळ बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०. हिशेब केला तर ९८ सीसीच येतात. पहिला ओव्हरसाइज, म्हणजे पाव मिलिमीटर, बाबांच्या काळात होऊन गेला होता. आता अर्ध्याचा पिस्टन बसला. कागदावर मांडून पाहिलं: १००.१ सीसी. ‘१००’ हे नाव गाडीने तीन दशकांनी खरं केलं.

ताकद वाढवायचा मोह इथेच होतो. आरएक्स १३५ चा स्ट्रोकही ५० च, बोअर ५८. म्हणून तिचा ब्लॉक चढवायचा बेत अनेक पोरं करतात. पण तसं केलं की गाडी आरसीवर नोंदलेली गाडी राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नेमकं त्याबद्दलच आहे. मला ते नको होतं. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड मिलिमीटरभर घासायचं मात्र मनात होतं. मार्करने रेघही मारली होती. पोर्ट वर गेला की तो लवकर उघडतो, इंजिन वरच्या फेऱ्यांत मोकळं पळतं. पण तेवढाच स्फोटाचा जोर पिस्टनला ढकलायच्या आधी बाहेर पडतो, म्हणजे खालच्या फेऱ्यांत ओढ मरते. सरळ ट्रॅकवर हा सौदा ठीक. आमची गाडी दोघांना घेऊन बोथ्याचा घाट चढते, राजूर घाट चढते. तिथे लागते ती खालचीच ओढ. रेघ पुसून टाकली.

त्याऐवजी जे केलं त्यात दोन दिवस गेले. केसच्या तोंडाशी ट्रान्स्फरच्या वाटा आणि ब्लॉकमधल्या वाटा जुळत नव्हत्या, एका बाजूला जवळजवळ दीड मिलिमीटरची पायरी होती. गॅस्केट ठेवून आखणी केली, कानसीने आणि मग पॉलिश पेपरने ती पायरी घालवली. बोअर केल्यावर पोर्टांच्या कडा वस्तऱ्यासारख्या होतात, त्या हलक्या हाताने मोडल्या. नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. आणि मेन जेट एक नंबर मोठा घातला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण आपसूक पातळ होतं. १९९३ मध्ये जेट ठरवणाऱ्याला हे पेट्रोल ठाऊक असायचं कारण नव्हतं.

बांधायचा दिवस रविवार. नवी बेअरिंगं आदल्या रात्री पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली होती, मटारच्या शेजारी. केसचा अर्धा भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, पेट्रोलचा वासही राहिला नाही याची खात्री करून, पूर्ण वाळवून आईच्या जाड तव्यावर ठेवला. आई दारात उभी होती. मंद आच, वीस मिनिटं. ओल्या बोटाचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला पाहिजे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. भोक मोठं होतं आणि गारठलेलं बेअरिंग किंचित आक्रसलेलं असतं. फडक्याने केस धरून फळीवर ठेवली, बेअरिंग तोंडाशी आडवं न होऊ देता सोडलं. टक्. ते आपल्या वजनाने तळाला जाऊन बसलं. हातोडीची एक ठोक लागली नाही. चाचा काहीच बोलले नाहीत, फक्त दुसरं बेअरिंग आणायला खूण केली.

मग सीलं, त्यांच्या कडांना ग्रीसचं बोट. रिंग एकटी बोअरमध्ये सोडून, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून, तोंडातली फट फिलर गेजने मोजली. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. रिंगांची तोंडं खाचेतल्या बारीक पिनांवर, कारण दोन-स्ट्रोकमध्ये रिंग फिरू द्यायची नसते. ब्लॉक खाली घेताना डाव्या हाताच्या दोन बोटांनी रिंगा दाबून धरल्या. जरा अडलं तर थांबायचं, रेटायचं नाही. हेडचे नट तिरपे, थोडे थोडे करत आवळले.

ऑइल पंपाची नळी काढल्यावर आत हवा शिरते. ती बुडबुडे संपेपर्यंत काढली नाही तर नवा पिस्टन पहिल्या किलोमीटरलाच जाईल. ती काढली, शिवाय पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी ऑइल वेगळं मिसळलं. चौथ्या किकला गाडी सुरू झाली. पडवी निळ्या धुराने भरली, शेजारचं कुत्रं उठून गेलं. गरम झाल्यावर मी फक्त एकाच गोष्टीकडे कान लावून होतो. रेस वाढली नाही. अॅक्सिलरेटर सोडला की आवाज खाली यायचा आणि खालीच राहायचा.

या धुराबद्दल मी स्वतःची समजूत घालत नाही. दोन-स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण आत येताना थोडं तसंच, न जळता, एक्झॉस्टमधून निघून जातं. ही तिच्या रचनेतलीच खोट आहे आणि नियम कडक झाले तेव्हा अशा गाड्या मागे पडल्या ते योग्यच होतं. म्हणून ही रोज काढायची गाडी नाही. पण जी आहे ती नीट जळावी, एवढं माझ्या हातात आहे.

पाचशे किलोमीटर अर्ध्या अॅक्सिलरेटरवरच चालवली. मग एका सकाळी बाबांना मागे बसवून बुलढाण्याकडे निघालो, ज्ञानगंगा अभयारण्यातून जाणाऱ्या बोथ्याच्या रस्त्याने. सागाची पानं मोठाली होती, रस्त्यावर आम्हीच. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने न कुरकुरता ओढलं. चढ संपता संपता अॅक्सिलरेटर तसाच धरून चावी बंद केली, त्याच क्षणी क्लच दाबला आणि कडेला घेतली. इंजिन नेमकं कसं जळत होतं ते प्लगवर तसंच राहावं, म्हणून हे असं करायचं.

रुमालाने धरून प्लग काढला. चिनी मातीवर फिकट तपकिरी रंग होता, भाजलेल्या भाकरीच्या पापुद्र्याचा. बाबांनी खिशातून चष्मा काढला, प्लग उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला आणि माझ्या हातात परत दिला.

“लाव,” म्हणाले. “आता मले चालवू दे.”