सोनोग्राफी ‘नॉर्मल’, तरी बीपी हाय? किडनीच्या धमनीचा डॉप्लर कसा काम करतो

समजा, पंचविशीतल्या एखाद्याचं बीपी सतत १६०/१०० येतंय. पोटाची सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये लिहून आलं ‘दोन्ही किडन्या नॉर्मल’. मग किडनीचा विषय संपला का? नाही. साधी सोनोग्राफी किडनीचा आकार दाखवते. किडनीला रक्त पुरवणाऱ्या धमनीत रक्त किती वेगानं धावतंय, हे ती सांगत नाही. त्यासाठी वेगळी तपासणी लागते. तिचं नाव रीनल डॉप्लर.

धमनी अरुंद झाली तर बीपी का वाढतं?

गावच्या नळयोजनेत शेवटच्या गल्लीला पाणी कमी आलं की ओरड होते, ‘प्रेशर वाढवा!’ किडनीचंही तसंच आहे. धमनी अरुंद झाली की तिला रक्त कमी मिळतं. तिला वाटतं, सगळ्या शरीराचंच प्रेशर कमी झालंय. मग ती रेनिन सोडते आणि सगळीकडचं बीपी वाढतं. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या धमन्या चिमट्यानं आवळून हेच दाखवून दिलं होतं.

वयस्कर माणसांत याचं कारण बहुधा चरबीचा थर असतो. तरुणांमध्ये, विशेषतः मुलींमध्ये, धमनीच्या भिंतीचे आजार सापडतात. भारतात त्यात ताकायासू आजार महत्त्वाचा आहे.

मशीन वेग कसा मोजतं?

लातूर–बार्शी रस्त्यावर आमच्या मुरुडला कडेला उभे राहा. हॉर्न वाजवत येणाऱ्या ट्रकचा आवाज जवळ येताना बारीक, चिरका लागतो आणि पुढे गेल्यावर जाड होतो. हाच डॉप्लर परिणाम. ख्रिस्टियान डॉप्लर यांनी तो १८४२ मध्ये मांडला.

इथे ट्रकच्या जागी रक्तपेशी आहेत. प्रोब साधारण ३ मेगाहर्ट्झचा आवाज आत पाठवतो. पळत्या पेशींवर आपटून तो परत येतो, तेव्हा त्याची फ्रिक्वेन्सी थोडी बदललेली असते. सूत्र असं:

फरक = २ × फ्रिक्वेन्सी × रक्ताचा वेग × कोनाचा कोसाइन ÷ आवाजाचा वेग

शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. रक्ताचा वेग सेकंदाला २ मीटर आणि कोन ६० अंश असेल, तर फरक येतो सुमारे ३९०० हर्ट्झ. हा आपल्या कानांना ऐकू येतो! तपासणीत मशीनमधून येणारा ‘श्शूं-श्शूं’ आवाज तोच.

पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाणी जोरात उडतं. तसंच अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो. निरोगी धमनीत तो सेकंदाला १०० सेंमीच्या आसपास असतो. १८० ते २०० च्या वर गेला की डॉक्टरांना शंका येते. मग त्याची तुलना मुख्य महाधमनीतल्या वेगाशी करतात. तो तिच्या साडेतीन पट किंवा जास्त असेल तर शंका पक्की होत जाते.

खरी मेख कोनात आहे

कोन मशीनला आपोआप कळत नाही. स्क्रीनवरची रेघ धमनीच्या दिशेला डॉक्टर स्वतः जुळवतात. खरा कोन ६० अंश असताना ती ६५ वर लागली, तर १६० चा वेग १८९ दिसतो. म्हणजे फक्त ५ अंशांच्या चुकीनं निरोगी माणूस संशयित! म्हणूनच कोन ६० च्या आत ठेवतात.

त्यात ही धमनी जेमतेम ५-६ मिलिमीटरची, पोटात खोलवर, आतड्यांच्या मागे. आतड्यातला गॅस आवाज अडवतो, म्हणून उपाशीपोटी बोलावतात. श्वास रोखायला सांगतील तेव्हा रोखा. वेळ लागला तर वैतागू नका.

मोबाइलवर होईल का?

मोबाइलला जोडायचे प्रोब जगात आहेत. पण भारतात लिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आहे (महाराष्ट्रानं तर १९८८ मध्येच केला होता). सोनोग्राफी मशीन, अगदी हातात मावणारं असलं तरी, नोंदणीशिवाय वापरता येत नाही. आणि प्रोब मिळाला तरी कोन जुळवणारा अनुभवी हात ॲपमध्ये येत नाही.

डॉक्टरांना कधी विचारायचं?

- तिशीच्या आत बीपी हाय असेल
- तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात नसेल
- रामिप्रिल, टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं असेल (गोळी मनानं बंद करू नका)
- एक किडनी दुसरीपेक्षा लहान दिसली असेल

डॉप्लरमध्ये ना रेडिएशन, ना किडनीला त्रास देऊ शकणारं सीटीचं औषध. म्हणून सुरुवात इथून करतात. शंका उरली तर सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी.

आणि धमनी अरुंद निघाली म्हणजे लगेच स्टेंट, असंही नाही. चरबीमुळे अरुंद झालेल्या धमनीत, चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट घातल्यानं बहुतेकांना जास्तीचा फायदा होत नाही, असं २०१४ च्या कोरल अभ्यासात दिसलं. भिंतीच्या आजारात मात्र फुग्यानं धमनी रुंद केल्यावर अनेक तरुणांचं बीपी उतरतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की फक्त आकडा बघू नका. ‘धमनी कशामुळे अरुंद झालीय?’ हे डॉक्टरांना नक्की विचारा.