वैकल्पिक फलने, मॉड्यूलांतील

फलनप्रधान संगणक-भाषेत लिहिलेल्या मॉड्यूलमध्ये जी फलने देणे लेखकावर बंधनकारक नसते, त्यांना वैकल्पिक फलने म्हणतात. फलन किंवा फंक्शन म्हणजे दिलेल्या मूल्यांवरून फलित काढणारा नामांकित आज्ञासमूह. अशा संबंधित फलनांचा एकत्रित संच म्हणजे मॉड्यूल होय. येथे अर्लँग भाषेतील व्यवस्था विचारात घेतली आहे. ही भाषा जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग व माइक विल्यम्स यांनी स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९८६ पासून दूरध्वनी यंत्रणांसाठी विकसित केली. १९९८ मध्ये ती सर्वांना खुली झाली.

स्वरूप : अर्लँगमध्ये कार्यक्रमाचा सर्वसाधारण भाग एकदाच लिहून ठेवतात व विशिष्ट भाग वापरणाऱ्याच्या मॉड्यूलवर सोपवितात. या दोहोंमधील कराराला ‘बिहेवियर’ आणि सर्वसाधारण भागाकडून वेळोवेळी वापरल्या जाणाऱ्या विशिष्ट फलनांना ‘कॉलबॅक’ म्हणतात. पूर्वी करारातील प्रत्येक फलन देणे अपेक्षित असे. त्यामुळे गरज नसतानाही पोकळ फलने लिहावी लागत. अर्लँगच्या १८ व्या आवृत्तीपासून (२०१५) काही कॉलबॅक वैकल्पिक म्हणून घोषित करता येतात. अशी फलने नसल्यास संकलक, म्हणजे कंपायलर, इशारा देत नाही. ‘जेन सर्व्हर’ या सेवक-प्रक्रियेच्या बिहेवियरमध्ये आरंभाचे फलन आवश्यक, तर समाप्तीचे फलन वैकल्पिक आहे.

हाताळणी : फलन नसण्याची मुभा दिली, की ते आहे किंवा नाही हे ठरविण्याची जबाबदारी सर्वसाधारण भागावर येते. त्यासाठी फलनाचे नाव व त्याच्या घटकांची संख्या देऊन आधी चौकशी करता येते. परंतु मॉड्यूल स्मृतीत आणलेले नसेल, तर प्रत्यक्षात फलन असूनही उत्तर नकारार्थी मिळते. अर्लँगच्या नेहमीच्या कार्यपद्धतीत मॉड्यूल प्रथम वापराच्या वेळीच स्मृतीत येते. म्हणून ही चूक कधी घडते, तर कधी घडत नाही, आणि तिचा माग काढणे अवघड जाते. यास्तव चौकशीपूर्वी मॉड्यूल स्मृतीत आणणे इष्ट असते.

दुसरी रीत म्हणजे फलन सरळ वापरून पाहणे व ‘अव्याख्यात फलन’ हा दोष उद्भवल्यास तो सावरणे. येथेही सावधगिरी हवी. कारण वैकल्पिक फलन अस्तित्वात असून त्याच्या आतील एखादे दुसरे फलन गहाळ असले, तरी दोष त्याच नावाने येतो. सरसकट सावरल्यास खरी चूक झाकली जाते. म्हणून जेन सर्व्हर इतर संदेशांसाठीचे वैकल्पिक फलन आधी वापरून पाहतो आणि दोष आल्यावरच ते अस्तित्वात आहे का, हे तपासतो. ते असल्यास दोष खरा मानला जातो. नसल्यास इशाऱ्याची नोंद करून संदेश सोडून दिला जातो.

मर्यादा : वैकल्पिक फलनाच्या नावात किंवा घटकसंख्येत चूक झाल्यास ते फलन कधीच वापरले जात नाही व करारभंगाचा इशाराही मिळत नाही. अर्लँगच्या यंत्रणेवर चालणाऱ्या एलिक्झर भाषेत १.५ या आवृत्तीपासून (२०१७) एखादे फलन कॉलबॅक म्हणून लिहिल्याचे स्पष्ट नमूद करता येते; करारात तसे फलन नसल्यास संकलक इशारा देतो. सारांश, फलन मुद्दाम न देणे, ते अद्याप स्मृतीत नसणे आणि ते चुकीचे लिहिले जाणे या तीन अवस्था वेगळ्या ओळखणे, हे या हाताळणीचे मर्म होय.