रोवणीच्या पावसाला कोणतं जॅकेट?

मोहाडी तालुक्यात वर्षातलं सगळ्यात जड काम भर पावसातच येतं. धानाची रोवणी पाऊस लागून असतानाच उरकावी लागते. वरठीजवळून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गावर रूळ तपासत चालणारे कर्मचारी, विजेच्या खांबावर चढणारे लाइनमन, दुचाकीला कॅन लावून दूध पोहोचवणारे, यांनाही आभाळ उघडायची वाट बघता येत नाही. जूनच्या सुरुवातीला बाजारात रेनकोट लटकायला लागले की गिऱ्हाईक कापड चोळून विचारतं, ‘पूर्ण वॉटरप्रूफ आहे ना?’ प्रश्न रास्त असला तरी अपुरा आहे. आपल्याकडच्या उष्ण, दमट पावसाळ्यात जॅकेट कामाचं ठरतं ते शिवणीवर आणि आत हवा किती खेळते यावर. बेताच्या पैशात टिकाऊ वस्तू हवी असेल, तर जास्तीचे पैसे या दोन गोष्टींवरच टाकावेत.

पाणी न झिरपणारं कापड ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन 1823 मध्ये पेटंट घेतलं, तेव्हाच तो प्रश्न बराचसा सुटला. आज पीव्हीसीचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप दिलेलं नायलॉन, पॉलिस्टर साध्या दुकानातही मिळतं. लेबलवर 3,000 मिमी लिहिलेलं असेल, तर तीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब ते कापड सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. पडणाऱ्या पावसाला हे पुरून उरतं. दाब वाढतो तो फवारणी पंपाचे पट्टे खांद्यावर रुततात तिथे किंवा ओल्या सीटवर बसल्यावर. पण त्याआधीच पाणी आत आलेलं असतं ते सुईच्या भोकांतून. शिलाई म्हणजे चांगल्या कापडाला ओळीनं पाडलेली शेकडो छिद्रं. ती आतून टेप चिकटवून बंद केलेली नसतील, तर कापडाचा आकडा कितीही मोठा असो, खांदा आणि काख भिजणारच. म्हणून जॅकेट उलटं करून बघावं. टेप सलग आहे का, बाही अंगाला जोडते तिथे आणि टोपीच्या जोडावर ती तुटलीय का, नखानं कड सुटते का, हे दोन मिनिटांत कळतं. पीव्हीसीच्या काही कोटांचे जोड उष्णतेनं वितळवूनच सांधलेले असतात, तेही चांगले.

यावर महागड्या जॅकेटांचे कैवारी म्हणतील, घाम बाहेर सोडणारं कापडच घ्या. बॉब गोर यांनी 1969 मध्ये टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. त्यातून थेंब आत येत नाही, वाफ मात्र बाहेर जाते. शोध मोठाच आहे, पण ही वाफ आपोआप जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या दाबात जितका फरक, तितकी ती सरते. बाहेर 5 अंश तापमान असलेल्या डोंगरात हा फरक मोठा असतो. 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत तो त्याच्या निम्म्याहूनही कमी उरतो, आणि राबणाऱ्या माणसाचा घाम तर कितीतरी जास्त. त्यातून वरचा थर चिखलानं माखला की वाफेची उरलीसुरली वाटही बुजते. मग हजारो रुपये पडद्याला मोजण्यापेक्षा पाठीवर झाकलेली झडप, काखेत जाळी आणि सैल घेर असलेलं साधं जॅकेट इथे शहाणपणाचं.

बांधीत पऱ्हे रोवणाऱ्या बाया डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचा कागद घेतात. त्याकडे गरिबीची तडजोड म्हणून पाहण्याआधी कामाची ढब पाहावी. कमरेतून वाकलेल्या अंगाची पाठ आभाळाकडे असते आणि हात मनगटाच्या वर चिखलात. लांब बाहीचं जॅकेट घातलं, तर इलास्टिकच्या कफात गाळ साचतो. वाकल्यावर मागची कड वर सरकते आणि नेमकी कंबर उघडी पडते. कागद पाठ झाकतो आणि पुढून मोकळा राहतो. कोकणातलं इरलंही याच हिशेबानं बनलेलं असतं. रचना अचूक आहे, फसतं ते साहित्य: कागद फाटतो, वाऱ्यानं उडतो. रोवणीसाठी म्हणून मागून लांब, बिनबाह्यांचा, बाजूला बंद असलेला पोंचो बरा. लाइनमनला किंवा दुचाकीवाल्याला मात्र बाह्या, चेनवर झाकपट्टी आणि चमकती पट्टी हवीच.

‘शेवटी घामानं भिजायचंच, तर जॅकेट कशाला?’ असंही विचारलं जातं. घामाचा ओलावा अंगाच्या उबेत राहतो. पावसाचं पाणी मात्र सतत नवं येतं, त्यावर वारा लागला की अंगातली ऊब ओढून नेतं, आणि काम थांबताच हुडहुडी भरते. दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. रोजमजुरीवर जगणाऱ्याला एकदम मोठी रक्कम काढणं जड जातं. समजा, 200 रुपयांचा कोट एका हंगामात फाटला आणि 800 रुपयांचा चार हंगाम टिकला, तर हिशेब सारखाच बसतो. पण स्वस्त कोट बहुधा हंगामाच्या मध्येच दगा देतो. बचत गटानं एकत्र खरेदी केली, तर घासाघीस करता येते आणि बायांच्या मापाचे कोटही मागता येतात.

मात्र चार हंगाम काढायचे, तर निगा हवी. ओलं जॅकेट डिक्कीत कोंबून ठेवलं की पॉलियुरेथेनचा लेप चिकट होऊन सुटतो. पीव्हीसी उन्हात कडक होऊन घडीवर तडकतं. साध्या पाण्यानं चिखल धुवावा, सावलीत वाळवावं आणि पावसाळा सरल्यावर सैल टांगून ठेवावं. एवढी निगा राखायची तयारी असेल, तर दुकानात आधी आतली टेप बघा, मग हवेची वाट, मग आपल्या कामाची ढब. कापडाचा आकडा त्यानंतर, आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी.