लाल कार्ड पेटीत ठेवू नका

मागच्या हिवाळ्यात वस्तीतली सहावीची एक मुलगी शाळेतून रडत घरी आली. हातपाय ठणकत होते. सकाळी थंडीत ती मागे पडली म्हणून सरांनी तिला आळशी म्हटले आणि मैदानाच्या दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या. रात्री तिला दवाखान्यात भरती करावे लागले. आम्ही घरी गेलो, तेव्हा आईने लोखंडी पेटीतून, लुगड्यांच्या घडीखालून सिकलसेलचे लाल कार्ड काढले. शाळेतल्या रक्ततपासणीत शंका आली होती, मोठ्या दवाखान्यात पक्के निदान झाले आणि कार्ड घरी आले. तिथून ते शाळेत कधी गेलेच नाही.

"सांगतलं तर पोरीचं लगन कसं होईन, सिस्टर?" आई म्हणाली.

ही भीती आम्हाला कळते. विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. पण ती करणी नाही, मागच्या जन्माचे फळ नाही. सोबत जेवल्याने तो लागत नाही. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणून एकट्या आईला बोल लावू नका. पिवळे कार्ड असलेला वाहक आजारी नसतो, पण लग्न ठरवताना दोघांची कार्डे पाहणे त्याच्याही हिताचे आहे.

लाल कार्डाच्या मुलाला थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे सोसत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि असह्य दुखणे सुरू होते. म्हणून शाळेत पुढच्या गोष्टी सांगा:

- कार्डाची झेरॉक्स वर्गशिक्षकांना द्या. वर्ग बदलला की पुन्हा द्या.
- पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, लघवीला कधीही जाऊ द्या.
- हिवाळ्यात स्वेटर काढायला लावू नका. खेळू द्या, पण थकल्यावर बसू द्या.
- ताप, छातीत दुखणे, श्वास लागणे, अचानक पांढरे पडणे किंवा पोट फुगणे दिसले, तर घरी पाठवून वाट पाहू नका, लगेच दवाखान्यात न्या.

फॉलिक अॅसिडची आणि डॉक्टरांनी लिहिलेली इतर गोळी रोज देणे हे घरचे काम. लोहाची गोळी मात्र विचारल्याशिवाय देऊ नका.

या मुलीने आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. शाळेचा संडास घाण असतो, दाराला कडी नाही, म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. वर्गात 'भरपूर पाणी प्या' हा धडा शिकवून झाला होता.

इथे पालकांनी बोलायला हवे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि दुर्बल घटकांच्या पालकांनाही जागा असते. त्या जागेवर नुसती सही करायला बसू नका. संडास, पाणी आणि कडी हे विषय लिहून घ्यायला लावा. सिकलसेल हा आजार 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. प्रमाणपत्र काढले तर सवलती मागता येतात.

त्या मुलीची आई पुढच्या पालकसभेला कार्ड घेऊन गेली. सोबत वस्तीतल्या चार बाया होत्या. त्यांतल्या दोघींच्या पदराआडही लाल कार्ड होते.